फायनान्सची डिग्री, बिडकीनचा पैसा आणि तुमच्या दुकानाची पाटी



बारावीचा निकाल लागला की दरवर्षी एक प्रश्न येतोच. "ताई, फायनान्स घेऊ का? स्कोप आहे का?" विचारणाऱ्या मुलाच्या डोक्यात बहुतेक वेळा मुंबईतलं बीकेसी असतं. काचेची इमारत, गळ्यात आयकार्ड, स्क्रीनवर लाल-हिरवे आकडे. त्याच्या आईवडिलांच्या डोक्यात मात्र बँकेची खुर्ची असते. दोन्ही चित्रं खोटी नाहीत, आपल्याच शहरातली मुलं तिथे पोचलेली आहेत. पण आज मला तिसऱ्या चित्राबद्दल बोलायचंय. ते आपल्या घराजवळचं आहे आणि त्यात गर्दी कमी आहे. छत्रपती संभाजीनगरात राहून, फायनान्स नीट शिकून, स्वतःच्या नावाची पाटी लावून आर्थिक सेवा देणं, म्हणजे चक्क दुकान टाकणं. फक्त या दुकानात माल नसतो, विश्वास असतो. म्हणून त्याचे नियम कडक आहेत आणि सुरुवातीची कमाई तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच कमी आहे. दोन्ही आधीच माहीत असावं, म्हणून हा लेख.

आधी गरज कुठे आहे ते बघू.

शेंद्रा आणि बिडकीनला डीएमआयसीसाठी जमिनी गेल्या. मोबदला एकरी 23 लाखांच्या आसपास मिळाला. आता विचार करा, ज्या घरात आयुष्यभर सोसायटीचं पीककर्ज आणि मोंढ्यातली उधारी एवढाच हिशेब चालला, त्या घरात एका दिवशी पन्नास लाख, एक कोट जमा होतात. पासबुक तेच, शाखा तीच, पण शून्यं वाढलेली. अशा वेळी त्या घराला सगळ्यात आधी कोण भेटतं? गाडीचा शोरूमवाला भेटतो, प्लॉटवाला भेटतो, आणि "महिन्याला एवढे टक्के देतो" म्हणणारा भेटतो. चार गोष्टी समजावून सांगणारा, कागद वाचून दाखवणारा माणूस भेटत नाही, कारण तो गावात नसतोच.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. 2022 च्या सुरुवातीला '30-30' प्रकरण उघड झालं. बिडकीन परिसरातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्याचा पैसा त्यात घातला होता. सुरुवातीला परतावा हातात पडला, ते बघून भावकीतले आणि पाहुण्यारावळ्यांतले लोक आले, आणि मग परतावा थांबला. 2023 मध्ये आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेत ठेवी अडकल्या आणि म्हातारी माणसं पावत्या हातात घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उभी राहिली. त्यांतले अनेक जण शिकलेले होते, निवृत्त होते. "लोक अडाणी आहेत म्हणून फसतात" हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही. त्यांना विचारायला जवळचा, हिशेब कळणारा आणि नियमाने बांधलेला माणूस नव्हता.

आता बिडकीनशी टोयोटा किर्लोस्कर, एथर, जेएसडब्ल्यू अशी नावं जोडली गेली आहेत. शेंद्र्यात ऑरिक उभं आहे, वाळूज तर जुनंच. म्हणजे पगाराचा पैसा येणार, छोट्या सप्लायरचा पैसा येणार, जमिनीचा पैसा येतच राहणार. तो सांभाळायला शिकवणारी माणसं इथलीच असायला नकोत का?

कॉलेजात शिकलेलं खरंच कामाला येतं का?

येतं, आणि ते अगदी साध्या गणितात येतं. बी.कॉम. किंवा बीबीएच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला 'टाइम व्हॅल्यू ऑफ मनी' नावाचं प्रकरण असतं. बरीच मुलं ते फॉर्म्युला पाठ करून पास होतात आणि सोडून देतात. पण तेच प्रकरण घेऊन बिडकीनच्या ओट्यावर बसा.

कोणी म्हणतं, महिन्याला 5 टक्के देतो. ऐकायला बारीक वाटतं. वर्षाचे सरळ 60 टक्के झाले. तोच पैसा फिरवत राहिलात तर चक्रवाढीने जवळपास 80 टक्के. महिन्याला 10 टक्के म्हटलं तर लाखाचे वर्षाअखेर तीन लाखांच्या वर. आता समोरच्याला एकच प्रश्न विचारायचा. बाबा रे, तुझा धंदा एवढा भारी चालतो, तर तू बँकेकडून 12 टक्क्यांनी का घेत नाहीस? मला 60 टक्के का देतोस? जो माणूस 60 टक्के द्यायला तयार आहे, त्याला 12 टक्क्यांनी कोणी देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा प्रश्न सुचायला एमबीए लागत नाही. पण तो भर बैठकीत, पाहुण्यांसमोर, न घाबरता विचारायला आकडा आपल्याला स्वतःला पटलेला असावा लागतो. ते काम कॉलेजचं.

दुसरं उदाहरण पतसंस्थेचं. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा विमा असतो, एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून. 2020 च्या आधी ही मर्यादा 1 लाख होती. सहकारी बँकांनाही हा विमा आहे. पण पतसंस्थेला नाही, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीलाही नाही. पाटीवर 'मल्टिस्टेट' मोठ्या अक्षरात असतं, काउंटर चकाचक असतो, कर्मचारी टाय लावून बसतो, आणि लोक त्यालाच बँक म्हणतात. पतसंस्था राज्याच्या 1960 च्या सहकार कायद्याखाली, मल्टिस्टेट केंद्राच्या 2002 च्या कायद्याखाली, बँकेवर रिझर्व्ह बँकेची नजर. एवढा फरक तुम्ही तुमच्या गल्लीतल्या वीस घरांना समजावला, तरी फीचे पैसे वसूल झाले समजा.

मी असं म्हणत नाही की सगळ्या पतसंस्था वाईट. गावातल्या कितीतरी छोट्या धंद्यांना पहिलं कर्ज पतसंस्थेनेच दिलंय. पण ठेव ठेवण्याआधी वार्षिक सभेचा अहवाल मागायचा. सभासदाला तो मिळतो. त्यात ऑडिटचा वर्ग बघायचा, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. थकबाकी किती टक्के, दोन वर्षांत ती वाढली की कमी झाली, 'येणे व्याज' फुगलंय का हे बघायचं. येणे व्याज म्हणजे हातात न आलेलं पण उत्पन्नात धरलेलं व्याज. नफा दिसतो, रोकड दिसत नाही. अकाउंट्सच्या पेपरात तुम्ही ही एंट्री शंभर वेळा पास केलेली असते. तिचा खरा अर्थ इथे कळतो.

जाता जाता एक गोष्ट. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मूळचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ 1923 चा. 1950 मध्ये त्यांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. नागसेनवनातून जाताना पुतळ्याला हात जोडणारी आपली मुलं "फायनान्स म्हणजे शेठ लोकांचं काम" म्हणतात तेव्हा मला गंमत वाटते.

बी.कॉम. की बीबीए?

यावर लोक तासन्‌तास भांडतात. मी स्वतः बीबीए आहे, तरी सांगते, आपल्या कामापुरता फरक थोडा आहे. बी.कॉम.मध्ये अकाउंट्स आणि टॅक्स जास्त घोटून होतं. बीबीएमध्ये मार्केटिंग, एचआर, प्रेझेंटेशन येतं आणि फायनान्स हे स्पेशलायझेशन म्हणून येतं. एक गोष्ट लक्षात ठेवा, 2024-25 पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी सेलने त्यांच्यासाठी वेगळी सीईटी सुरू केली. दरवर्षी काही मुलं निकालानंतर जागी होतात, तोवर सीईटीच्या अर्जाची तारीख गेलेली असते. बी.कॉम.ला ती सीईटी नाही. देवगिरी, विवेकानंद, सरस्वती भुवन अशा आपल्या जुन्या कॉलेजांत वाणिज्य शाखा आहे, फी खिशाला झेपते. प्रवेशाआधी ज्या त्या कॉलेजात जाऊन एकच चौकशी करा, तिसऱ्या वर्षाला फायनान्सचे कोणते पेपर प्रत्यक्ष शिकवले जातात. माहितीपुस्तकात काय छापलंय ते सोडा.

आणि इंटर्नशिप. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात इंटर्नशिपला, ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत. म्हणजे कॉलेजच तुम्हाला बाहेर जायला सांगतंय. आपल्याकडे बरीच मुलं ओळखीच्या ऑफिसातून सर्टिफिकेट आणतात आणि काम करत नाहीत. असं करू नका हो. उस्मानपुरा, क्रांती चौक, कॅनॉटच्या बाजूला सीएंची, टॅक्सवाल्यांची ऑफिसं गच्च भरली आहेत. मार्च, जुलै, सप्टेंबर या महिन्यांत त्यांना हात कमी पडतात. तिथे दोन महिने फुकट बसलात तरी चालेल. बिलं लावा, बँक स्टेटमेंट जुळवा, नोटिशीला उत्तर कसं लिहितात ते बघा. कोणत्या धंद्यात पैसा कुठे अडकतो, हे त्या फायलींमध्ये दिसतं.

डिग्री वेगळी, लायसन्स वेगळं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा थांबून वाचा. फायनान्सची डिग्री मिळाली म्हणून तुम्हाला कोणाचे पैसे गुंतवायचा अधिकार मिळत नाही. प्रत्येक कामाचा दरवाजा वेगळा आहे.

म्युच्युअल फंड वितरित करायचे असतील तर एनआयएसएमची सिरीज 5-ए ही परीक्षा द्यावी लागते. एनआयएसएम ही सेबीने काढलेली संस्था, कॅम्पस आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला. 100 प्रश्न, 2 तास, 50 गुण मिळाले की पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. सर्टिफिकेट 3 वर्षं चालतं. त्यानंतर अॅम्फीकडे नोंदणी करून एआरएन नंबर घ्यायचा. अभ्यास करणाऱ्या मुलाला ही परीक्षा महिन्या-दीड महिन्यात जमते. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत देऊन टाका.

विम्याचा एजंट व्हायला तर दहावी पास चालतं, प्रशिक्षण आणि आयसी-38 ची परीक्षा द्यावी लागते. म्हणजे तुमची बीबीए तिथे लायसन्ससाठी लागतच नाही. ती लागते पॉलिसी समजून घ्यायला. एंडोमेंट पॉलिसीचा खरा परतावा किती पडतो, हे आयआरआर काढून ग्राहकाला दाखवणारा एजंट तुम्ही किती पाहिलेत? दाखवला तर बऱ्याचदा पॉलिसी विकलीच जात नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. तुम्ही दाखवा. टर्म आणि आरोग्य विमा विका. एका ग्राहकाचं कमिशन कमी होईल, पण तो माणूस पुढची वीस वर्षं तुमच्याकडे येईल.

आता पाटीची गोष्ट. शहरात फिरताना बघा, कितीतरी पाट्यांवर 'इन्व्हेस्टमेंट अॅडव्हायझर', 'वेल्थ अॅडव्हायझर' लिहिलेलं असतं. एआरएन घेतलेला माणूस वितरक असतो. त्याला फंड कंपनीकडून कमिशन मिळतं. सल्लागार हा वेगळा प्राणी. त्याला सेबीकडे स्वतंत्र नोंदणी लागते, 10-ए आणि 10-बी या परीक्षा लागतात, आणि तो ग्राहकाकडून फी घेतो, कमिशन घेत नाही. 2020 पासून वितरकाने स्वतःला असं सल्लागार म्हणवून घ्यायला सेबीची मनाई आहे. तेव्हा पाटी रंगवायला देताना 'म्युच्युअल फंड वितरक' आणि खाली एआरएन नंबर, एवढंच लिहा. भारदस्त वाटत नाही, मान्य. पण ग्राहकाने विचारलं, "तुम्हाला यात काय मिळतं?" तर तोंड लपवावं लागत नाही. पुढे सल्लागार व्हायचं असेल तर दरवाजा पूर्वीपेक्षा उघडा आहे. डिसेंबर 2024 मध्ये सेबीने पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभवाची अट काढून संबंधित विषयातली पदवी पुरेशी केली.

आणि एक जागा अशी आहे जिथे तुमची डिग्रीच थेट कामाला येते. जीएसटी प्रॅक्टिशनर. जीएसटीच्या नियम 83 मध्ये कॉमर्स, लॉ, बँकिंग, बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन किंवा मॅनेजमेंटचे पदवीधर पात्र धरले आहेत. नोंदणी करायची, ठरलेल्या मुदतीत नासिनची परीक्षा पास व्हायची, की तुम्ही अधिकृतपणे दुसऱ्यांची रिटर्न भरू शकता. बीबीएवाल्यांना ही गोष्ट कोणी सांगत नाही.

कमाईचा खरा हिशेब

यूट्यूबवर लोक सांगतात, म्युच्युअल फंडाचं काम म्हणजे आयुष्यभराचं पेन्शन. अर्धं खरं आहे. बाकीचं अर्धं आकड्यात बघू.

2018 पासून सेबीने अपफ्रंट कमिशन बंद केलं. आता फक्त ट्रेल, म्हणजे ग्राहकाचा पैसा जितके दिवस फंडात राहील तितके दिवस त्यावर थोडं थोडं. इक्विटी फंडात हिशेबासाठी वर्षाला 0.8 टक्के धरू. समजा तुम्ही पहिल्याच महिन्यात 100 ग्राहक मिळवले, प्रत्येकाची 3,000 ची एसआयपी. (पहिल्या महिन्यात 100 ग्राहक कोणालाच मिळत नाहीत, पण धरू.) महिन्याला 3 लाख जमा होणार, वर्षाअखेर 36 लाख. पण वर्षभराची सरासरी शिल्लक येते साडेएकोणीस लाख. त्याचे 0.8 टक्के म्हणजे 15,600 रुपये. महिन्याचे नाहीत, अख्ख्या वर्षाचे! महिन्याला 1,300 पडले. दुकानाचं लाइट बिल निघेल.

पाच वर्षांनी, एकानेही एसआयपी बंद केली नाही आणि बाजाराची वाढ शून्य धरली, तर 1 कोटी 80 लाख जमा. ट्रेल वर्षाला 1 लाख 44 हजार, महिन्याला 12,000. खरी चव त्यानंतर लागते. दहा कोटींपर्यंत पोचलेला वितरक वर्षाला 8 लाखांच्या आसपास बघतो, आणि आपल्या शहरात असे लोक आहेत. पण ते दहा-पंधरा वर्षं त्याच खुर्चीवर बसलेले आहेत.

म्हणजे पहिली तीन वर्षं घर कशावर चालवायचं? याचं उत्तर नसेल तर हा धंदा चालू करू नका. ग्राहक कमी, खर्च चालू, अशा वेळी माणूस जास्त कमिशनची चुकीची वस्तू विकायला लागतो, आणि मग "महिन्याला टक्के" वाल्याचा एजंट व्हायलाही तयार होतो. अशा योजनांचे स्थानिक एजंट बहुतेक वेळा आपल्यातलेच असतात, कोणाचे मावसभाऊ, कोणाचे शाळेतले सर. त्यांनी सगळ्यांनीच ठरवून फसवलं असं मला वाटत नाही. त्यांना पैशाची घाई होती आणि हिशेब कळत नव्हता.

रोकडीसाठी सेवेचं काम हाताशी ठेवा. एका छोट्या दुकानाचं जीएसटीचं काम महिन्याला 500 रुपयांत धरलं, तर 30 दुकानं म्हणजे महिन्याला 15,000. वर बघितलेल्या 100 एसआयपींच्या वर्षभराच्या ट्रेलएवढे एका महिन्यात. शिवाय त्या 30 दुकानदारांची विक्री, नफा, उधारी तुम्हाला माहीत होते. दोन वर्षांनी तेच विचारतात, "चार पैसे उरतात, कुठे ठेवू?" एसआयपीचे ग्राहक असे येतात. पत्रकं वाटून येत नाहीत.

प्रोजेक्ट रिपोर्ट: पडून असलेलं काम

आपल्या चॅनलवर जे लोक धंद्यासाठी कर्ज शोधत येतात, त्यांचं पहिलं अडतं ते प्रोजेक्ट रिपोर्टवर. मुद्रा असो, पीएमईजीपी असो, बँकेचं साधं सीसी खातं असो. बाजारात दोन हजारांत तयार रिपोर्ट मिळतो, त्यात नाव बदललेलं असतं, आकडे तेच. एका पापडवालीच्या रिपोर्टमध्ये मी डिझेलचा खर्च पाहिलाय. मॅनेजर पहिलं पान उघडून समजतो.

फायनान्सच्या विद्यार्थ्याला यातलं सगळं येत असतं, त्याला फक्त ते माहीत नसतं. जाधववाडीच्या एखाद्या किराणा होलसेलवाल्याला खेळतं भांडवल हवंय. छोट्या धंद्यांसाठी बँका नायक समितीची पद्धत वापरतात. वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या 25 टक्के खेळतं भांडवल धरायचं, त्यातले 20 टक्के बँक देणार, 5 टक्के मालकाचे. 60 लाख विक्री असेल तर 12 लाखांची मर्यादा, 3 लाख स्वतःचे. आता मालक म्हणतो, विक्री एक कोट दाखवा. तुम्ही जीएसटी रिटर्न उघडता, तिथे 35 लाख दिसतात. मग 60 दाखवतानाही घाम फुटतो, कारण मॅनेजरसमोर तेच रिटर्न असणार आहे. इथे मालकाला नीट सांगायचं, "काका, आधी सहा महिने पक्की बिलं करा, मग अर्ज करू." त्या दिवशी तुमची फी बुडते. सहा महिन्यांनी तो परत येतो, आणि येताना शेजारच्यालाही घेऊन येतो.

मुदत कर्ज असेल तर डीएससीआर. समजा वर्षाचा निव्वळ नफा 2 लाख 40 हजार, घसारा 40 हजार, कर्जाचं व्याज 60 हजार. बेरीज 3 लाख 40 हजार. भरायचं किती? मुद्दल 1 लाख 40 हजार आणि व्याज 60 हजार, म्हणजे 2 लाख. गुणोत्तर 1.7. दीडच्या पुढे असलं की बँकेला हायसं वाटतं. हे गणित ग्राहकाच्या समोर, त्याच्याच वहीत, त्याच्याच पेनाने करा. त्याला पहिल्यांदा कळतं की हप्ता नफ्यातून जातो, गल्ल्यातून नाही.

नोकरीचं काय मग?

ज्यांना नोकरीच हवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सरकारी आणि ग्रामीण बँकांच्या क्लार्क, ऑफिसर परीक्षांना कोणतीही पदवी चालते. तिथे फायनान्सची डिग्री तुम्हाला पुढे बसवत नाही. गणित, रीझनिंग आणि वेग बसवतो. महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मे 2025 पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक विलीन झाली, आणि एवढ्या मोठ्या बँकेचं मुख्यालय आपल्या शहरात आहे, हे विसरू नका. सीए करायचं असेल तर मन लावून करा, अर्धवट सोडायला करू नका. 2023 च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली आहे. खाजगी बँकेतला सेल्सचा जॉब मात्र वाईट नाही, बरं का. दोन वर्षं टार्गेटचा मार खाल्लात तर ग्राहकाशी बोलायला शिकाल, आणि कोणती वस्तू कोणाला विकू नये हेही कळेल. तेवढं शिकून बाहेर पडा.

एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलते. ऑप्शन ट्रेडिंगचा क्लास म्हणजे फायनान्सचं शिक्षण नाही. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये रात्री अॅप उघडून बसणारी मुलं मी बघते. घरून मेसचे म्हणून आलेले पैसे असतात. "ताई, शिकतोय" म्हणतात. शिकायचंच असेल तर एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा, कॅश फ्लोचं पान काढा आणि नफ्याशी जुळवून बघा. कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे.

तर आता पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाला असाल तर या सुट्टीत दोन कामं काढा. एनआयएसएम 5-ए चं वर्कबुक त्यांच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या. आणि घरातल्या सगळ्या पॉलिस्या, ठेवीच्या पावत्या, कर्जाचे कागद एका फायलीत लावा. प्रत्येकासमोर लिहा, संस्था कोणत्या कायद्याखाली आहे, विमा आहे का, खरा परतावा किती, वारसाचं नाव आहे का. तुमच्या पहिल्या ग्राहकाचं काम ते. आजीच्या पेटीतली एखादी पावती अशी निघेल की जेवताना घरात शांतता होईल. तेव्हा रागावू नका, शांतपणे समजावून सांगा. ठेवीची मुदत असेल तर तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पुढच्या व्हिडिओत आपण एका चहाच्या दुकानाचा प्रोजेक्ट रिपोर्ट पहिल्या पानापासून तयार करणार आहोत, कप, दूध, गॅस सगळं धरून. वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. मोबाइलवर नुसतं बघू नका.